दुपारचं पार्क

बागेत बसायचं कसं, हे जगात फक्त एका माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस माझ्या अक्काचा सासरा होता. बाकीची माणसं बागेत वारा खायला जातात, पोरांना खेळवायला जातात, घरात भांडण झालं की तोंड फिरवून बसायला जातात. मामंजी बागेत जात ते या सगळ्यांकडे बघायला. कोण कुठल्या बाकावर बसतं, उठलं की कुठल्या वाटेने जातं, शेजारची गार सावली सोडून उन्हातल्या बाकावर का बसतं, असल्या प्रश्नांपायी त्यांना अन्न गोड लागत नसे. कुणी रोजचा बाक बदलला तर ते इतके अस्वस्थ होत की अक्का ताट वाढता वाढताच विचारी, "आज कोण कुठं बसलं, मामंजी?" आणि मामंजी भाताचा घास हातातच धरून सांगत, "पोस्टमास्तर आज बँडस्टँडाच्या पाठीमागं बसला की गं! काहीतरी झालंय त्याच्या घरात!" आणि खरंच काहीतरी झालेलं असे. म्हणजे एखाद्या वेळी. बहुतेकदा नेहमीच्या बाकावर कावळ्याने घाण केलेली असे.

मी त्या काळात निपाणीहून बंगळूरला अक्काकडे राहायला आले होते. चामराजपेटेतल्या एका सकाळच्या शाळेत मला लहान मुलांच्या वर्गावर नोकरी लागली होती. अक्काचं सासर म्हणजे कितीतरी पिढ्यांपूर्वी या मुलखात येऊन स्थिरावलेलं शिंप्याचं घर. बाहेर कन्नड, घरात मराठी आणि राग आला की दोन्ही, असा तिथला कारभार. पहिल्याच दिवशी मामंजी मला म्हणाले, "टीचरम्मा, स्वल्प सरकून बस की, मी तुझ्यासाठी कॉफी सांगितलो," आणि 'मी सांगितलो' ऐकून मला हसू आवरेना. मी हसले म्हणून ते रागावतील असं वाटलं, तर ते खूष झाले आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, की आमच्या सुनेची बहीण हसरी आहे. तेव्हापासून मी त्यांची टीचरम्मा झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

त्यांचा जन्म कोट शिवण्यात गेला होता. मुलगा, म्हणजे आमचे भावोजी, हाताशी आला तसं त्यांनी दुकान त्याच्या स्वाधीन केलं आणि जाहीर केलं, "आजवर कपडे बघितलो. आता आतली माणसं बघतो." माणसं बघायला त्यांनी निवडलं आमच्या घराजवळचं पार्क. फार मोठं नव्हतं ते. मधोमध बँडस्टँड, त्याच्यासमोर उंच खांबावर रेडिओचा भोंगा, एका कोपऱ्यात मुलांचे झोपाळे, दुसऱ्या कोपऱ्यात कोरडा पडलेला हौद आणि सगळीकडे होंगेची झाडं, म्हणजे आपला करंज. भोवतीने मेंदीचं कुंपण होतं, पण ते नावाला. ज्याला जिथून सोईचं त्याने तिथून ते दामटून वाट पाडलेली. नगरपालिकेच्या नकाशात त्या पार्काला एकच दरवाजा असेल. मामंजींच्या मते त्याला लोकांच्या मनात असतील तेवढे दरवाजे होते, आणि ते सगळे शोधून काढणं हे त्यांचं जीवितकार्य होतं.

त्यांची संशोधनाची रीत शिंप्याचीच होती. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघितल्याशिवाय कोट कसा बसलाय ते कळत नाही, तसं त्या माणसाच्या जागी त्याच्याचसारखं बसून बघितल्याशिवाय तो तिथे का बसतो ते कळणार नाही, असं ते म्हणत. म्हणून ते वैद्यांसारखे पाय पोटाशी घेऊन बसून बघत, पेपरवाल्या शास्त्र्यांसारखे एका बाजूला कलून बसून बघत. हौदामागच्या बाकावर एक तरुण मुलगा आणि मुलगी संध्याकाळी येऊन बसत. मामंजींनी तिथेही बसून बघायचं ठरवलं. पण ती दोघं उठायची वाट बघण्याइतका धीर त्यांना कुठला! ते सरळ जाऊन दोघांच्या मधे बसले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि आनंदाने ओरडले, "इथनं रस्ता दिसतो, रस्त्यावरनं इथलं काही दिसत नाही! काय डोकं आहे रे तुमचं!" ती मुलं त्यानंतर पुन्हा कधी दिसली नाहीत. मामंजी कितीतरी दिवस हळहळत होते. "चांगला बाक होता, मी नासवलो," असं म्हणून ते जाता येता त्या बाकाकडे असे बघत, की आता त्याची क्षमाच मागतील असं वाटे.

कुणी वेगळ्याच वाटेने चाललेला दिसला की ते त्याच्या मागे लागत. एकदा एका धोतर-कोटवाल्या गृहस्थांनी हौदाला नेहमीच्या डाव्या बाजूऐवजी उजवीकडून वळसा घातला. मामंजी उठून मागोमाग निघाले. गृहस्थांनी वळून बघितलं आणि पाऊल उचललं. मामंजींनीही उचललं. गृहस्थ धोतर सावरून पळायला लागले, तसे मामंजीही टोपी हातात घेऊन पळाले, आणि अख्ख्या पार्काने उभं राहून ही शर्यत पाहिली. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या टोपलीशी दोघं धापा टाकत थांबले. मामंजींनी विचारलं, "आज उजवीकडनं का हो गेलात?" तो बिचारा म्हणाला, "नवी चप्पल चावते. डावीकडं खडी आहे." मामंजींचा चेहरा असा उजळला, की त्या गृहस्थांनी तेवढ्यासाठी आणखी एकदा पळायला हरकत नव्हती.

शाळेला सुट्टी असलेल्या एका दिवशी मामंजी सकाळीच घरी धावत आले. एक वहाण पायात, एक हातात. उद्यानखात्याचे एक तरुण साहेब पार्क बघायला आले होते. कुंपण काढून भोवती लोखंडी कठडा घालायचा, फाटकं बसवायची, उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरवायच्या असं चाललं होतं. साहेब बाकावर टेकले आणि शेजारी कोण बसलेलं असावं? आमचे मामंजी! त्यांनी साहेबांना पार्काचा कोपरा न् कोपरा असा काही उलगडून दाखवला, की साहेब म्हणाले, "अण्णा, तुम्ही आणि इथली मंडळीच पाहणी करा. लोक कुठून येतात, केव्हा येतात ते मला पुढच्या महिन्यात सांगा. त्याप्रमाणेच फाटकं ठेवू, त्याप्रमाणेच वेळा ठरवू." हे सांगताना मामंजींना दम पुरत नव्हता. "विचारलं गं त्यांनी! शिकलेला साहेब, आणि आम्हाला विचारतो, तुम्ही सांगा म्हणून!" मग ते माजघरात गेले, देवाला नमस्कार केला, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन पुन्हा नमस्कार केला. त्या दिवशी सगळं घर सणासारखं झालं. मला तर माझ्याच शाळेची तपासणी पार पडल्यासारखा आनंद झाला.

लगेच मंडळ निघालं. त्यात पेन्शन घेतलेले पोस्टमास्तर होते, वैद्य होते आणि मामंजी होते. तिघंही वयाने म्हातारे आणि उत्साहाने पोरं. ते रोज सकाळ-संध्याकाळ पार्कात पसरत, आमच्या ओसरीवर परत येऊन वाद घालत आणि अक्का कॉफी करून करून थकून जाई. मामंजींचा लिहून ठेवण्यावर अजिबात विश्वास नव्हता. "लिहिलं की डोकं झोपतं," असं ते म्हणत, त्यामुळे रोज सगळी पाहणी पहिल्यापासून तोंडी व्हायची. अमुक वाटेने दूधवाले, तमुक वाटेने शाळेची मुलं, रेडिओ सुरू झाला की मंडईकडून येणारे हमाल, बातम्या संपल्या की उठणारे पेन्शनर. मी हसत असे, पण खरं सांगते, ऐकता ऐकता मलाही त्या पार्काचं वेड लागलं. इतकी वर्षं माणसं डोळ्यांसमोर चालत होती आणि ती कुठून कुठे चालली आहेत हे कुणी म्हणून बघितलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्या तिन्ही संशोधकांच्या नजरेतून निसटली होती. तिघंही दुपारी जेवून झोपत.

आणि नेमकं तेव्हाच पार्क जागं होई. मी अक्काकडे आल्यावर थोड्याच दिवसांत, एका दुपारी मामंजींच्या घोरण्याला चांगला ठेका लागल्यावर, अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चल. आणि हे घरात बोलायचं नाही." मागच्या दाराने, बोळातून, हातात काज-बटणाला आलेले कोट घेऊन आम्ही निघालो. पुढे चालल्या होत्या आत्याबाई, म्हणजे अक्काच्या सासूबाई. घरात आत्याबाईंचा आवाज म्हणून काही नव्हताच. पदर कपाळापर्यंत, मान खाली, आणि ओसरीवर परका पुरुष आला की त्या दाराआडून बांगडी वाजवीत, ती बांगडी काय ते बोले. या बाई पार्कात शिरल्या, कोट गवतावर टाकला, पदर कमरेला खोचला आणि थेट मुलांच्या झोपाळ्यावर जाऊन बसल्या. "ढकल गं टीचरम्मा! मी साकू, पुरे, म्हणेपर्यंत थांबायचं नाही!" मी ढकललं. त्या उंच गेल्या, आणखी उंच गेल्या, आणि हसायला लागल्या. पोटातून, खदखदून, मान मागे टाकून. मी इतकी दचकले की दुसऱ्यांदा ढकलायचं विसरूनच गेले.

त्या दुपारचं किती सांगू! पेटेतल्या निम्म्या घरांतल्या बायका तिथे होत्या. पोस्टमास्तरांची बायको गवतावर चक्क उताणी झोपली होती, तोंड आभाळाकडे करून. "घरात कधी असं झोपायला मिळतं का गं?" असं तिने मला विचारलं. सोड्याच्या दुकानवालीची सून बँडस्टँडावर उभी राहून गात होती. वैद्यांची भावजय आपल्या भावाची सायकल आणून ती शिकत होती आणि दर खेपेला हौदात जाऊन पडत होती. एक नवी नवरी माहेरच्या आठवणीने मोकळ्या गळ्याने रडत होती. तिला कुणी उगी म्हणत नव्हतं. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि सायकल मागितली. मग ऊन कललं, रेडिओच्या भोंग्याखाली पहिला पेन्शनर दिसला आणि सगळ्या जणी उठून पदर सारखे करून निघाल्या. मामंजी डोळे चोळत उठले तेव्हा आत्याबाई चुलीपाशी होत्या, मान खाली घालून.

आता पुढे काय झालं असेल ते ओळखू येईलच. मंडळाने निष्कर्ष काढला, की दुपारी पार्कात कुणी नसतं, तेव्हा दुपारी कुलूप घालावं. माळ्याला विश्रांती, झाडांना विश्रांती. मामंजींनी ते ओसरीवर जाहीर केलं आणि आतल्या दारामागे कॉफीचा पेला खाली पडला. पण मामंजी म्हणजे काटेकोर माणूस. पुरावा पाहिजे. त्यांनी स्वयंपाकघरातून आत्याबाईंचा रांगोळीचा डबा गुपचूप उचलला. दुपारचं जेवण झालं की ते पार्कात जात, कुंपणातल्या प्रत्येक वाटेवर रांगोळीचा रुंद पांढरा पट्टा ओढत आणि येऊन झोपत. कुणी आलं तर पाऊल उमटणार. झोप झाली की जाऊन बघत. एकही पाऊल नाही! रोज जात, रोज बघत आणि रोज नाचत परत येत. "चिटपाखरू नाही, टीचरम्मा! रांगोळी जशीच्या तशी!"

आम्ही पहिल्या दिवशी त्या पट्ट्याशी आलो तेव्हा वाटलं, कुणाचा तरी नवस असेल. लुगडी उचलून, ओलांडून आत गेलो. आत्याबाई मात्र वाकून बघत राहिल्या. "ही रांगोळी माझ्या डब्यातली. आणि ही रेघ बघा. कोटाची पाठ बेतल्यासारखी सरळ. हे आमच्या यांचंच काम." मग संध्याकाळी मामंजींनी पुराव्याची गोष्ट सांगितली आणि सगळा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवूनच आलो, की आज रांगोळी तुडवायची. चांगली दणकून पावलं उमटवायची. आलो, पट्ट्यासमोर ओळीने उभ्या राहिलो. आणि कुणाचा पाय पुढे होईना! लहानपणापासून अंगात मुरलेलं, रांगोळीला पाय लागता कामा नये. सोडावाली सुनेला म्हणे तू जा, सून नवरीला म्हणे तू जा. मी म्हटलं, काय हा वेडेपणा! मी शिकलेली, नोकरी करणारी मुलगी, मी जाते. पाय उचलला. उचलला तो तसाच राहिला. खाली येईचना. त्या कुंपणापाशी आम्ही सगळ्या एकेक पाय वर धरून बगळ्यांसारख्या उभ्या, आणि हसून हसून कुणाला तोल सावरेना. शेवटी पुन्हा लुगडी उचलून ओलांडूनच गेलो. परतताना पोस्टमास्तरांच्या बायकोला तो नुसता पांढरा पट्टा ओका ओका वाटला म्हणून तिने त्यावर चार ठिपके जोडून कमळ काढलं. एके दिवशी आम्ही झाडूने पट्टे साफ केले. मामंजी म्हणाले, "वारा सुटलेला," आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट रांगोळी घातली. कमळाचं मात्र त्यांना कोडंच पडलं होतं. माळ्याला भक्ती आली असावी, असं त्यांचं मत पडलं.

हसत होतो खऱ्या, पण दिवस मोजत होतो. कुलूप लागलं की दुपार गेली. आणि ते टाळायचं तर कुणीतरी घरी सांगायला हवं, की आम्ही रोज तिथे जातो, झोके घेतो, सायकलवरून पडतो, उताण्या झोपतो. सांगायचं कसं? सांगितल्यावर ती दुपार राहणार होती का? आत्याबाई त्या दिवसांत झोपाळ्यावर बसत, पण ढकल म्हणत नसत. नुसत्या पायाने माती उकरत बसत. मला वाईट वाटे आणि मामंजींचा राग येई. मग संध्याकाळी ते कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर इतक्या आनंदाने बसत, की तो राग टिकायचा नाही.

साहेब आले तो रविवार होता. बँडस्टँडावर खुर्ची मांडली होती, पुढे पुरुषमंडळी, आणि मागे, होंगेच्या झाडांशी, "सहज आलो" असं दाखवत बायका. मामंजींनी कपाटातला स्वतः शिवलेला कोट काढला होता. ते काय बोलले! वाटा सांगितल्या, सावल्या सांगितल्या, चप्पल चावणारे गृहस्थ सांगितले. साहेब हसत होते, मान डोलावत होते, "सरी, सरी" म्हणत होते. मग मामंजींनी हात उंच केला. "आणि दुपारी इथं कुणी येत नाही. रांगोळी साक्षीला आहे. रोज घातलो, रोज बघितलो, एक पाऊल नाही!" साहेब म्हणाले, "सरी, मग दुपारी कुलूप घालू." अक्काने मला चिमटा काढला. मी शिक्षिका, मीच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या शेजारची बांगडी वाजली.

आत्याबाई पुढे चालल्या होत्या. पुरुषांच्या मधून, बँडस्टँडापर्यंत. साऱ्या पेटेने त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल.

"अहो," त्या मामंजींना म्हणाल्या, "रांगोळीवर पाय कोण देईल?"

मामंजींचा उंच केलेला हात खाली आला.

"ओलांडून जातो आम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "रोज जातो. तुम्ही झोपलात की."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी. आणि या सगळ्या."

सगळ्या माना मागे वळल्या. पोस्टमास्तरांनी आपली बायको शोधली, ती सापडली. वैद्यांनी भावजय शोधली, ती सायकलला टेकून उभी होती. मी मामंजींच्या तोंडाकडे बघत होते. भरसभेत, साहेबांसमोर, घरच्या बाईने त्यांचं महिन्याचं काम एका वाक्यात उलटं केलं होतं. दुसरा कुणी असता तर उठून चालता झाला असता, आणि घरी गेल्यावर काय झालं असतं ते बोलायलाच नको. मामंजींच्या भुवया आधी वर गेल्या. मग तोंड उघडलं. मग त्यांनी टोपी काढली, आणि ते असे ओरडले, की भोंग्यावरची कबुतरं उडाली.

"साहेब! मी चुकलो! सगळं चुकलो! अर्धं पार्क मी बघितलोच नाही!" आणि ते हसत होते हो, लहान मुलासारखे, आनंदाने थरथरत होते. "अगं, रोज? कुठनं येता? कुठल्या बाकावर बसता? सावली कुठली धरता?"

"बाकावर नाही बसत," आत्याबाई म्हणाल्या.

"मग कुठं?"

"ते सांगायचं नाही."

"सरी, सांगू नकोस! उद्या मी झोपतच नाही. मीच येतो बघायला!"

"नको!" मागच्या सगळ्या बायका एका आवाजात ओरडल्या. साहेबही दचकले.

आत्याबाई हलकेच म्हणाल्या, "तुम्ही आलात की आम्ही उठणार. मग काय बघाल?"

त्या प्रश्नाशी मामंजी थांबले. उभ्या जन्मात त्यांच्यापुढे असलं कोडं आलं नसेल. त्यांना ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त हौस, तीच ते बघायला गेले की नाहीशी होणार. त्यांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "दुपारी फाटक उघडं ठेवा, साहेब. आणखी एक फाटक झोपाळ्यांच्या बाजूला करा, या बोळातनं येतात. आणि पाटीबिटी काही नको. आमच्या मंडळाचं मी बघतो." मग पोस्टमास्तर आणि वैद्यांकडे वळून म्हणाले, "दुपारी झोपायचं. ऐकलात?" पोस्टमास्तरांनी बायकोकडे एकदा बघितलं आणि "सरी," म्हणाले. साहेबही म्हणाले, "सरी." मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं ती मीच.

कठडा झाला, फाटकं झाली, झोपाळ्यांच्या बाजूचंही झालं. दुपारी मागच्या दाराने जायची गरज उरली नाही, आत्याबाई पुढच्या दाराने जाऊ लागल्या. मामंजींची झोप मात्र कायमची गेली. ते ओसरीवर टक्क जागे बसून राहत आणि आत्याबाई परत आल्या की विचारत, "आज गर्दी होती?" त्या म्हणत, "होती." "जास्त?" "होती आपली." एवढ्यावर ते दिवस काढत. मी पार्कातून आले की मलाही खोदून खोदून विचारत, पण मीही त्या दुपारच्या पक्षातली. मला त्यांची इतकी दया येई, आणि तरी सांगवत नसे.

पुढे माझं लग्न झालं आणि मी बंगळूर सोडलं. बऱ्याच वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्काकडे आले तेव्हा कळलं, की आत्याबाईंचे गुडघे गेले आहेत. अक्का म्हणाली, "मामंजी त्यांना रिक्षाने पार्कात नेऊन सोडतात." मी तशीच उन्हात गेले. फाटकाशी दोन बायकांनी आत्याबाईंना हाताला धरून आत नेलेलं दिसलं. मामंजी बाहेर होते. म्हातारे झाले होते, छत्री उघडून कठड्याच्या कडेकडेने चालत होते. तोंड सबंध वेळ रस्त्याकडे. एकदासुद्धा आत बघत नव्हते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण पाय थांबले नाहीत. मी बरोबर चालू लागले.

"घरी का नाही थांबत, मामंजी? ऊन किती आहे!"

"परत न्यायला यावंच लागतं की," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. पोटातून, खदखदून. मामंजी जागच्या जागी उभे राहिले, छत्री थोडी कलती करून.

"ती आहे," ते हळूच म्हणाले. "टीचरम्मा, इतकी वर्षं एका घरात राहिलो, हे हसणं मी कधी ऐकलो नव्हतो. कठड्याशी आल्यापासून ऐकतो."

मी म्हटलं, "मग आता आत चला की. आता तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?"

त्यांनी मान हलवली. "मी गेलो की थांबेल ते."

आणि ते पुन्हा चालू लागले, पार्काच्या त्या बाजूने, जिथे कठडा झाडांच्या सगळ्यात जवळ येतो. मी त्यांच्या छत्रीत शिरले, आणि आम्ही दोघं आवाज न करता, सावकाश चालत राहिलो.